ऊस आक्कांच्या नावाचा



शाळेचे वर्ष जूनला सुरू होते, व्यापाऱ्याचे दिवाळीला, सरकारचे एक एप्रिलला. ऊसवाल्याचे वर्ष मात्र मोळीपासून मोळीपर्यंत. गव्हाणीत पहिली मोळी पडली की आपला जुना हिशेब संपतो आणि नवा सुरू होतो. या पानांवर आपण एकरी टनेजचे विक्रम वाचता, खताच्या मात्रा वाचता, कांडीकिड्याचा आणि हुमणीचा बंदोबस्त वाचता. या वेळी टनेज थोडे बाजूला ठेवून आम्ही एका घराचे वर्ष आपल्यापुढे मांडत आहोत. नोव्हेंबर २०२३ च्या मोळीपासून नोव्हेंबर २०२४ च्या मोळीपर्यंतचे.

हे वर्ष आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासद भगिनीचे आहे. वय वर्षे एकोणसत्तर. रान सव्वादोन एकर, कृष्णेच्या काठाला. दावणीला दोन म्हशी, घरात धाकटा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. थोरला मुलगा पुण्याकडे कंपनीत, मुलगी इचलकरंजीत दिलेली. आम्ही वर्षभरात चार-पाच वेळा त्यांच्या सोप्यात बसलो. नाव छापायला त्यांनी मनाई केली. म्हणाल्या, "नाव छापलंसा तर भावकी म्हनंल, बाई लईच शानी झाली. नाव सोडा, बाकी जे हाय ते खरं लिवा." सारी गल्ली त्यांना आक्का म्हणते. आम्हीही आक्काच म्हणतो.

म्हैस विकून घेतलेला शेअर

आक्कांचे लग्न १९७२ सालचे, म्हणजे दुष्काळातले. हळद निघाली आणि पंधरा दिवसांत नवी नवरी खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी हा त्यांचा पहिल्या वर्षाचा संसार. पुढे नदीवरून पाणी आले, रान भिजले, जोंधळ्याच्या जागी ऊस उभा राहिला. १९८० साली मालकांनी कारखान्याचा शेअर घेतला. पैसे कमी पडले तेव्हा दावणीची एक म्हैस विकली. ती म्हैस आक्कांना माहेरहून आलेली होती.

ही गोष्ट आक्का सहज सांगून जातात, पण पुढच्या साऱ्या प्रकरणाचे मूळ तिच्यातच आहे. एप्रिल २०२१ मध्ये मालक गेले. सातबाऱ्याला वारस नोंद झाली, चार नावे लागली : आक्का, दोन मुलगे आणि मुलगी. शेअरचे काय करायचे हा प्रश्न निघाला तेव्हा घरातल्या घरात ठरून गेल्यासारखेच होते की तो थोरल्याच्या नाहीतर धाकट्याच्या नावावर जाईल. मालकांनी शेअरला वारसदार नेमून ठेवलेला नव्हता. भावकीतले जाणते म्हणाले, "आक्का, तुम्हाला आता गट ऑफिसचे हेलपाटे कशाला? पोरं हायती की."

आक्का म्हणाल्या, "हेलपाटं म्या घालीन. म्हैस माझी गेली हुती, शेअर माझ्या नावावर हुईल."

आणि त्यांनी हेलपाटे घातले. मृत्यूचा दाखला, वारसाचा फेरफार, सातबारा, खातेउतारा, मुलांची आणि मुलीची संमती. एका कागदावर नाव 'बाई' लावून, दुसऱ्यावर नुसते, तिसऱ्यावर माहेरचे. ते जुळवता जुळवता वर्ष गेले. २०२२ साली शेअर आक्कांच्या नावावर झाला आणि त्याच जुलैत लावलेल्या एक एकर आडसालीची नोंद त्यांनी स्वतःच्या नावाने केली. पन्नास वर्षे ज्या उसात भांगलण केली, तो ऊस पहिल्यांदा त्यांच्या नावाचा झाला.

यात एवढे काय, असे कुणी म्हणेल. आक्कांचे उत्तर आम्ही जसेच्या तसे देतो : "बिल ज्येच्या खात्यावर, शबुद त्येचा. मालक हुते तवा त्येंच्या खात्यावर हुतं, काय म्हननं न्हाई. आता कुनाच्या?"

भाऊबीजेचे ताट

नोव्हेंबर २०२३ मध्ये हंगाम सुरू झाला. त्याच महिन्यात दिवाळी होती. भाऊबीजेला मुलगी माहेरी आली, थोरलाही पुण्याहून आला. त्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता. कर्जासाठी रानाचे कागद मोकळे हवे होते आणि त्यासाठी बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यावे, असे त्याच्या मनात होते. त्याने वाईट बोलून मागितले नाही. ओवाळून झाल्यावर साडी दिली आणि साडीवर कागद ठेवला. मुलगीही तयार होती. चार गुंठ्यांपायी माहेर तुटू नये, हा आपल्याकडच्या लेकींचा विचार. तिने पेन हातात घेतले.

आक्का चुलीपुढून उठून आल्या. म्हणाल्या, "सही करायची का न्हाई ते तिचं तिनं ठरवावं. चार दिस इचार करून ठरवावं. पन भाऊबीजेच्या ताटात कागद ठिवून न्हाई."

कागद परत पिशवीत गेला. थोरला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून गेला आणि संक्रांतीला आला नाही.

आपल्या पुष्कळ घरांत हा कागद पुढे येतो, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क मिळाला. तो दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात होते की नव्हते यावर अवलंबून नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. हक्कसोडपत्र करणे हा त्या मुलीच्या खुषीचा भाग आहे. ते नोंदणी केल्याशिवाय पक्के होत नाही आणि एकदा पक्के झाले की सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून आक्का म्हणाल्या तसे चार दिवस विचार करावा हे बरे.

मांजरीचा प्रवास

डिसेंबरात आक्का पहिल्यांदा स्वतःच्या कामासाठी गाडीत बसल्या. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ऊस उत्पादक महिलांचे शिबिर होते. ही संस्था १९७५ सालची. आपल्यासारख्या सहकारी कारखान्यांच्या पैशातून आणि ऊस उत्पादकांच्या घामातून उभी राहिलेली. सुनेने आग्रह केला, "आत्याबाई, तुमी जावा, म्हशींचं मी बघते."

आक्कांना शाळा तिसरीपर्यंत. वहीत लिहिणे जमत नाही म्हणून त्यांनी ऐकलेले सगळे डोक्यात ठेवले आणि घरी आल्यावर नातीला बसवून लिहून घेतले. ती वही आम्ही पाहिली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'बेणं' असा मथळा आणि खाली : "बेणं नऊ ते अकरा महिन्यांचं. खोडव्याचं बेणं घेऊ नये. पाचट हातानं काढावं, डोळा दुखावू नये. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित असं तीन पायऱ्यांचं बेणं असतं. तीन-चार वर्षांनी बेणं बदलावं." दुसऱ्या पानावर 'पाचट'. तिसऱ्यावर 'तिथलं जेवण', त्यात आमटी पातळ होती असा शेरा आहे.

पुण्यात गेल्याच आहेत तर थोरल्याकडे दोन दिवस राहाव्या, असे सगळ्यांना वाटले. आक्का गेल्या. चौथ्या मजल्यावर भाड्याची दोन खोल्यांची जागा, कंपनीतली पाळी, दोन पोरांची फी. भाऊबीजेच्या कागदाचा विषय त्यांनी काढला नाही, त्यानेही काढला नाही. पण परत आल्यावर आम्हाला म्हणाल्या, "त्येचं बी खोटं न्हाई. पोरगं हप्त्याच्या घोरात झिजतंय. पन एकाचं भागवायला दुसरीचं नाव पुसायचं, ह्यो कुठला न्याव?"

तोड आणि पहिले बिल

आडसालीला तोड जानेवारी २०२४ मध्ये आली. ती कशी आली हे सांगायला हवे. लागणीच्या तारखेप्रमाणे पाळी लागायची, तरी शिवारात मागची लागण आधी तुटताना दिसत होती. टोळीला आणि गाडीवाल्याला वरकड पैसे दिल्याशिवाय फड धरत नाहीत, ही कुजबूज आपण सगळेच ऐकतो. धाकटा म्हणाला, "आई, देऊन टाकू. ऊस वाळला तर तेवढं वजनात जाईल." हिशेबाने त्याचे खोटे नव्हते. उसाला तुरा आला की एकेक दिवस वजन खातो.

आक्का भाकरी बांधून गट ऑफिसात गेल्या आणि बाकावर बसल्या. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. चिटबॉय आला की विचारायच्या, "माझ्या लागनीची तारीख काय? आज तोड कुठल्या तारखेची चालू हाय?" पहिल्या दिवशी उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी नोंदवही उघडली गेली. पाचव्या दिवशी टोळी आक्कांच्या फडात आली, वरकड एक रुपया न देता.

टोळी बीडकडची होती. तिच्यातल्या एका कोयत्याची बाई वर्षाचे पोर घेऊन आली होती. पोर पाचटाच्या सावलीला झोपवून ती पहाटेपासून मोळ्या बांधायची. आक्कांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितले, "उघड्यावर जाऊ नगंस, आमचं न्हाणीघर हाय." चार दिवस त्या बाईला अंघोळीला ऊन पाणी आणि पोराला वाटीभर दूध मिळाले. बिलात तोडणी-वाहतुकीचा आकडा आपण वाचतो, तो असा माणसांचा असतो. आक्का म्हणाल्या, "म्या बी खडी फोडताना पोर असंच दगडाच्या सावलीला ठिवलं हुतं."

ऊस एकरी अठ्ठावन्न टन भरला. विक्रम नाही, पण २०२३ चा पावसाळा तुटीचा गेला होता. त्या वर्षीचा ऑगस्ट तर देशभरात कोरडा गेला. त्या मानाने चांगलाच. त्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,१५० रुपये होती. त्यात आपल्या उताऱ्याप्रमाणे वाढ आणि तोडणी-वाहतूक वजा, हा हिशेब सभासदांना पाठच आहे. बिल चौदा दिवसांत द्यावे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, हेही आक्कांना माहीत होते. त्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती.

बिल जमा झाल्याचा मेसेज नातीने मोबाईलवर वाचून दाखवला. आक्कांनी तो तिच्याकडून तीन वेळा वाचून घेतला. "त्यात माझं नाव हाय का?" एवढेच त्यांना ऐकायचे होते.

सोसायटीचे पीककर्ज आधीच वळते झाले होते. उरलेल्या पैशाचे आक्कांनी भाग केले. एक भाग खोडव्याच्या खताला आणि घरखर्चाला धाकट्याच्या हातात. एक भाग थोरल्याला, मागितला नसताना, फ्लॅटच्या बयाण्याला हातभार म्हणून. एक भाग मुलीच्या नावाने बँकेत ठेव. आणि शेवटचा भाग स्वतःच्या डोळ्यांना. दोन वर्षे उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. "बिल आल्यावर बघू" असे घरात दर वर्षी ठरायचे आणि बिल आल्यावर दुसरेच काही निघायचे. फेब्रुवारीत ऑपरेशन झाले.

पाचट जाळले नाही

आजूबाजूच्या फडांना काड्या लागल्या तेव्हा आक्कांनी पाचट जाळू दिले नाही. धाकट्याला पटत नव्हते, कारण पाचटात पाणी पुढे सरकत नाही आणि उंदीर वाढतात, हा त्याचा अनुभव. आक्कांनी नातीची वही काढली. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. जाळले तर सेंद्रिय माल आणि नत्र धुरातून जाते, जमिनीतले उपयोगी जीवाणू होरपळतात. ठेवले तर ओल टिकते, तण दबते आणि कुजून खत होते. शेवटी तोडगा निघाला : पाचट एकाआड एक सरीत दाबले, बुडखे जमिनीलगत छाटून घेतले, पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जीवाणू टाकले, आणि पाणी मोकळ्या सरीतून दिले.

एप्रिल-मे २०२४ मध्ये पाण्याच्या पाळ्या लांबल्या. शेजारच्या खोडव्याची पाने दुपारी गुंडाळत होती, आक्कांच्या खोडव्याने तग धरला. यंदा त्या शिवेवरच्या आणखी दोघांनी पाचट ठेवायचे ठरवले आहे, असे धाकटाच आम्हाला सांगत होता, आणि जणू त्याचीच कल्पना होती अशा थाटात. आक्का आत हसत होत्या.

वाकळ, राखेतले बी आणि ओव्या

डोळ्याची पट्टी सुटल्यावर आक्कांनी पहिली कोणती गोष्ट केली असेल? सुईत दोरा ओवला. नातीला हाक न मारता.

वाकळ शिवणे हा त्यांचा जुना छंद. छंद हा शब्द त्यांना ठाऊक नाही, त्या म्हणतात, "हाताला चाळा." जुनी लुगडी, मालकांची धोतरे, पोरांचे सदरे, सगळ्यांचे थर लावून वरून बारीक धावदोरा. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी दोन वाकळा पुऱ्या केल्या. एकीत मालकांच्या फेट्याचा कापड मधोमध घातला आहे. ती थोरल्याला द्यायची असे ठरवून शिवली. दुसरी कुणाची, हे त्यांनी सांगितले नाही.

दुसरा चाळा परड्यातला. घेवडा, दोडका, काकडी, देशी वांगी, गावरान पावटा. सारे बी राखेत घोळून मडक्यात ठेवलेले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बी जपून केवढे मोठे काम उभे केले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे आम्ही आक्कांना सांगितले. त्यांना ते टीव्हीवर दिसले होते. म्हणाल्या, "त्या बाईनं राखून वाटलं. आमी नुसतंच राखलं." त्यानंतर नागपंचमीला माहेरवाशिणी गल्लीत जमल्या तेव्हा आक्कांनी प्रत्येकीच्या ओटीत पावट्याचे मूठभर बी घातले.

तिसरी गोष्ट ओव्यांची. जाते आता सोप्याच्या कोपऱ्यात उभे करून ठेवले आहे, पीठ गिरणीतून येते. पण हात चालू लागला की आक्कांच्या तोंडी ओवी येते. आपल्याकडच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जमवल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. आक्कांच्या ओव्या त्यात नसतील. म्हणून यंदा नातीने मोबाईलवर त्या भरून घ्यायला सुरुवात केली आहे. सत्तरच्या वर झाल्या. आक्कांची अट एकच, "मदी कुनी हसायचं न्हाई."

यंदा वारीला आक्का

मालक दर वर्षी आषाढी वारीला जायचे. वारीचे दिवस म्हणजे आडसालीच्या तयारीचे दिवस. सऱ्या सोडायच्या, बेणे बघायचे, ताग गाडायचा. मालक दिंडीत आणि आक्का रानात, अशी अठ्ठेचाळीस वर्षे गेली. २०२४ साली आक्का म्हणाल्या, "यंदा वारीला मी जाती. लागन तुमी करा."

घरात थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही. मग सून म्हणाली, "जावा आत्याबाई. पायाला तेल घेऊन जावा."

एस. टी.चे अर्धे तिकीट काढून त्या लोणंदला उतरल्या. मार्च २०२३ पासून बायकांना एस. टी.त निम्मे भाडे आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. आक्कांचा त्यावरचा विनोद असा : "अर्ध्यात पंढरी बघून घेती, फुकटात काशी बघीन. एस. टी. तितवर जायला पायजे." २०२४ सालच्या लाडक्या बहिणीच्या पंधराशेचे विचारले तर म्हणाल्या, "पासष्टीच्या आतल्याच लाडक्या. आमी नुसत्याच बहिनी."

लोणंदहून ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पायी. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. आम्ही विचारले, काय बघितले? पुढाऱ्यासारखे उत्तर आले नाही. म्हणाल्या, "मालक दर साली येऊन सांगायचं, अमक्या ठिकानी पानी गोड, तमक्या ठिकानी झाड मोठं. ती सगळी ठिकानं एकेक करून बघितली. पानी खरंच गोड हाय."

एकादशी १७ जुलैला होती. कळसाचे दर्शन घेऊन त्या परतल्या तेव्हा धाकट्याने आणि सुनेने पाऊण एकराची लागण उरकली होती, साडेचार फुटी सरी, दोन डोळ्यांची टिपरी. आक्का चप्पल न काढता आधी रानात गेल्या. चार ठिकाणी माती उकरून डोळा बघितला. "बरी केलीय," म्हणाल्या. सून आम्हाला म्हणाली, "पंधरा वर्सांत पैल्यांदा 'बरी' ऐकलं."

त्यानंतर आठच दिवसांत कृष्णेला पाणी आले. जुलैअखेर नदी पात्राबाहेर पडली, खालची सहा गुंठे लागण पाण्यात गेली. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते तेव्हा ह्यांचा सगळा ऊस आठवडाभर पाण्याखाली होता, घरातही कमरेएवढे होते. त्या मानाने हे थोडक्यात निभावले. पाणी ओसरल्यावर सहा गुंठ्यांत नांग्या भरल्या. त्या कामाला थोरलाही आला. कुणी बोलावले नव्हते. पाण्याची बातमी ऐकून रात्रीच्या गाडीने आला, दोन दिवस चिखलात राबला आणि जाताना फेट्याची वाकळ घेऊन गेला.

सभेत उभी राहिलेली बाई

सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. मांडवात बायकांच्या रांगा दोनच, त्यातही बऱ्याच हळदी-कुंकवाच्या ओळखीने आलेल्या. अहवाल वाचन, ताळेबंद, नफावाटणी, मंजूर-मंजूरचा गजर. आयत्या वेळच्या विषयात आक्का उभ्या राहिल्या. माईक हातात धरायचा कसा हे त्यांना कळेना, शेजारच्या बाईने धरला.

त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, तोडीची पाळी लागण तारखेप्रमाणे गट ऑफिसच्या फळ्यावर रोज लिहाल का, म्हणजे कुणाला बाकावर बसावे लागणार नाही. दुसरी, घरचा सभासद गेला तर बायकोने कोणते कागद आणायचे ते एका कागदावर छापून लावाल का. "मला वरीस लागलं. दुसरीला आठवडा लागावा, एवढंच म्हननं हाय."

मांडवात हशा आला नाही. टाळ्या आधी बायकांच्या रांगेतून आल्या, मग पुरुषांतून. अध्यक्षांनी दोन्ही सूचना शेतकी आणि शेअर विभागाकडे पाठवल्याचे जाहीर केले. फळ्याचे काम सुरू झाले आहे. ते रोज होते की नाही हे पाहणे आपल्या सर्वांच्या हाती आहे. सहकारी कायद्याने संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखून ठेवलेल्या आहेत. पण त्या जागांवर बसणाऱ्या भगिनींना बळ येते ते मांडवात उभ्या राहणाऱ्या अशा बायकांमुळे.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला दोन्ही भाऊ आणि बहीण घरी होते. हक्कसोडपत्राचे काय झाले, असे आम्ही भीतभीतच विचारले. मुलीने स्वतःच सांगितले : तिने सही केलेली नाही, आणि हिस्साही मागितलेला नाही. नाव सातबाऱ्यावर आहे तसे राहील. आईच्या हयातीत वाटणी नको, असे तिघांनी मिळून ठरवले आहे. थोरल्याच्या मनात थोडी कुरकुर आहे. ती एका वर्षात जायची नाही. आक्कांनाही ते ठाऊक आहे. म्हणाल्या, "खोडव्याला पैल्या वर्सी बुडख्यातनं फुटवा याला येळ लागतो. धीर धरावा लागतो."

आपल्यासाठी दोन शब्द

आक्कांची दुसरी सूचना आम्ही इथेच अमलात आणत आहोत. हे पान कापून घरात ठेवावे.

सभासद हयात असताना करावयाचे काम एकच : शेअरसाठी नामनिर्देशन, म्हणजे वारसदाराची नेमणूक. अर्ज शेअर विभागात मिळतो. आधी नेमलेले नाव बदलताही येते. नेमणूक केली की मागे राहिलेल्यांची धावपळ पुष्कळ वाचते.

सभासद मयत झाल्यास साधारणपणे लागणारे कागद : मृत्यूचा दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट, वारसाचा फेरफार, सातबारा व आठ-अ उतारा, इतर वारसांची संमती, आधार आणि स्वतःच्या नावाचे बँक पासबुक. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे ना, हे आधी पाहावे. आक्कांचे निम्मे वर्ष त्यातच गेले. सातबाऱ्याच्या वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात वर्दी द्यावी.

पन्नास वर्षे भांगलण करणाऱ्या, बेणे तोडणाऱ्या, पाणी पाजणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक घरात आहेत. त्यांतल्या किती जणींच्या नावावर एखादा शेअर आहे, गुंठाभर रान आहे, उसाची एखादी नोंद आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी तपासून पाहावे. नवीन लागणीची नोंद देताना मालकांनी घरी एकदा विचारावे, एवढीच आमची विनंती.

नोव्हेंबर २०२४ ला मोळी पडली तेव्हा आक्कांचा खोडवा कमरेच्या वर गेला होता, आडसालीची बाळभरणी उरकली होती आणि तिसऱ्या वाकळीचे थर लागले होते. पुढच्या साली काय बेत, असे विचारले तर म्हणाल्या, "डावा डोळा. आनि बेनं बदलायचं."